श्रोत्याची तक्रार ऐकणार कोण?

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान तोंडावर आलेलं असताना, डीडी न्यूजचं लाल बोधचिन्ह केशरी झालं आणि काही दिवस रंगावरून तुंबळ युद्ध पेटलं. एक बाजू म्हणे, सरकारी वाहिनीचं भगवीकरण झालं. दुसरी म्हणे, आणीबाणीत आकाशवाणीचं काय केलं होतंत ते आधी आठवा. दोन्हीकडे मुद्दे होते, पण दोघंही एकमेकांच्या पापांच्या याद्या वाचण्यात रमले आणि नवा विषय आल्यावर पांगले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारल्याचं मला दिसलं नाही: दूरदर्शनचं किंवा आकाशवाणीचं वागणं एखाद्या प्रेक्षकाला, श्रोत्याला पटलं नाही, तर त्यानं दाद कुणाकडे मागायची? मंत्र्याकडे? न्यायालयात? की रात्री मोबाइलवर चार ओळी खरडून झोपून जायचं?

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. संसदेनं १९९० साली प्रसार भारती कायदा केला, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या स्वायत्त महामंडळाचा कायदा. तो लागू व्हायला १९९७ चा सप्टेंबर उजाडला. त्याचं चौदावं कलम सांगतं की कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर, अधिसूचना काढून, एक प्रसारण परिषद स्थापन केली जाईल. सार्वजनिक जीवनातली नामवंत माणसं आणि दोन्ही सभागृहांतले मिळून चार खासदार तिच्यात असतील. ते ‘शक्य तितक्या लवकर’ अजून आलेलं नाही. काँग्रेसची सरकारं आली, भाजपची आली, मधली आघाडीची सरकारं येऊन गेली; परिषद कुणीच नेमली नाही. माझं म्हणणं असं की सार्वजनिक प्रसारणासाठी नागरिकांनी जी काही चळवळ करायची, तिची पहिली मागणी ही परिषद असली पाहिजे. बोधचिन्ह, निवेदक, कुठल्या नेत्याला किती मिनिटं मिळाली, हे सगळं त्यानंतर.

परिषदेच्या कामाची पद्धत जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण कायदा लिहिणाऱ्यांनी ती विचार करून आखली होती. पंधराव्या कलमानुसार कुणीही व्यक्ती किंवा गट तक्रार करू शकतो: अमुक कार्यक्रम, किंवा महामंडळाचा एखादा निर्णय, किंवा एकूण कारभारच, संस्थेच्या उद्दिष्टांना धरून नाही. ही उद्दिष्टं बाराव्या कलमात आहेत आणि त्यांत नागरिकाचा मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपणं आहे, परस्परविरोधी मतं मांडणं आहे, आणि स्वतःची कुठलीही विचारसरणी पुढे न रेटणंही आहे. तक्रारीत तथ्य आढळलं तर परिषद मुख्य कार्यकारी सदस्याला कारवाईचा सल्ला देईल. त्याला तो मान्य नसेल तर प्रकरण प्रसार भारतीच्या मंडळापुढे जाईल. मंडळालाही मान्य नसेल तर त्यानं कारणं लेखी द्यायची. आणि शेवटची पायरी सगळ्यात तिखट: परिषदेला योग्य वाटलं तर तिची शिफारस महामंडळाला स्वतःच्याच वाहिन्यांवरून प्रसारित करावी लागेल. कल्पना करा, आकाशवाणीच्या बातम्या संपल्यावर निवेदक सांगतोय की अमुक तारखेचं वार्तांकन एकतर्फी होतं असं प्रसारण परिषदेचं मत आहे. कुणाला तुरुंग नाही, दंड नाही, बंदी नाही. तरीही कुठल्याच सत्ताधाऱ्याला ही व्यवस्था नकोशी का वाटावी, हे उघड आहे.

परिषद नसल्यानं काय होतं ते पुण्यानं पाहिलंय. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. कारण सांगितलं गेलं अधिकाऱ्यांच्या कमतरतेचं. श्रोते चिडले, वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या, सर्वपक्षीय नेत्यांनी दिल्लीला पत्रं धाडली, आणि काही दिवसांत तत्कालीन माहिती व प्रसारणमंत्री अनुराग ठाकूर यांनी तो निर्णय थांबवला. पुण्यात आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण या विजयाचा अर्थ नीट लावला गेला नाही. निर्णय कसा झाला, कुठल्या आकडेवारीवर झाला, पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना आधी विचारलं होतं का, यांतलं काहीही नोंदीवर आलं नाही. मंत्र्यांनी ऐकलं म्हणून विभाग वाचला. उद्याच्या मंत्र्यांनी नाही ऐकलं तर? आणि पुण्याला दिल्लीत शब्द टाकणारी माणसं आहेत. परभणी, जळगाव किंवा रत्नागिरीच्या केंद्राबाबत असा आदेश निघाला तर इतकी पत्रं जातील का?

हे पुण्यात पहिल्यांदा घडलं असंही नाही. मुंबईत २३ जुलै १९२७ ला सुरू झालेली खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. रेडिओ परवानाधारक आठ हजारांच्याही आत, प्रत्येकाची वर्षाची फी दहा रुपये. त्यात कंपनी चालणार कशी? १९३० मध्ये सरकारनं सेवा हाती घेतली, आणि मंदीच्या रेट्यात ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करून टाकायचं ठरवलं. मग ओरड झाली. ज्यांनी महागडे रेडिओसंच घेऊन ठेवले होते ते श्रोते आणि ते विकणारे व्यापारी असे दोघंही उठले, आणि नोव्हेंबर संपायच्या आत सरकारनं माघार घेतली. म्हणजे भारतातलं सार्वजनिक प्रसारण आज अस्तित्वात आहे ते काही अंशी श्रोत्यांच्या आरडाओरड्यामुळे. पण १९३१ चा श्रोता परक्या सरकारपुढे अर्ज करणारा प्रजाजन होता. ब्याण्णव वर्षांनी, प्रजासत्ताकात, पुण्याच्या श्रोत्याला नेमका तोच मार्ग चोखाळावा लागला: ओरडा, पत्रं लिहा, वाट पाहा.

सत्ताधाऱ्यांचा दोष एकाच पक्षाच्या खात्यावर टाकणं सोपं आहे आणि खोटं आहे. आणीबाणीत माहिती व नभोवाणीमंत्री विद्याचरण शुक्लांच्या खात्यानं किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार केली, कारण त्यानं सरकारी प्रचारात सहभागी व्हायला नकार दिला होता. तो अनुभव ताजा असताना जनता सरकारनं बी. जी. वर्गीज समिती नेमली. तिनं १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त राष्ट्रीय न्यासाची शिफारस केली. त्याच सरकारनं १९७९ मध्ये आणलेलं विधेयक त्या शिफारशीपेक्षा कितीतरी पातळ होतं, आणि सरकार पडल्यावर तेही गेलं. विरोधात असताना स्वायत्तता, सत्तेत आल्यावर ‘परिस्थिती अनुकूल नाही’, हा खेळ तेव्हापासून चालू आहे. आणि हे फक्त प्रचाराचं दुखणं नाही. आपल्या बाळकृष्ण केसकरांचं उदाहरण घ्या. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते नभोवाणीमंत्री होते. विद्वान, शास्त्रीय संगीताचे जाणकार, हेतू स्वच्छ. त्यांना सिनेसंगीत हिणकस वाटे, म्हणून आकाशवाणीवरून ते जवळपास गायब झालं. देशानं काय केलं? रेडिओची सुई श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर नेली. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. शास्त्रीय कलावंतांना केसकरांच्या काळात मोठं व्यासपीठ मिळालं हे खरं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणीच आहे. पण एका माणसाची रुची म्हणजे देशाचं प्रसारणधोरण, ही व्यवस्था चांगल्या माणसाच्या हातातही वाईटच ठरते. श्रोत्याकडे तेव्हा एकच हत्यार होतं: केंद्र बदलणं. आजही तेच आहे.

‘मग बदला की केंद्र!’ असं म्हणणारा मोठा वर्ग आहे आणि त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. तो म्हणतो, आता शेकडो वाहिन्या आहेत, यूट्यूब आहे, पॉडकास्ट आहेत. दूरदर्शन पाहतं कोण? जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आकाशवाणी-दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९ कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली. कुणी पाहत नसलेल्या गोष्टीवर इतका पैसा का? आणि जे मरणारच आहे त्याची तक्रार-परिषद नेमून काय साधणार? मी मान्य करतो की शहरातल्या मध्यमवर्गाची सह्याद्री वाहिनीबद्दलची माया बहुतांशी आठवणींवर जगते. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाची मंडळं गावोगाव निघाली होती, प्रेक्षक नुसते पाहत नव्हते तर एकत्र जमून काम करत होते, हे अभिमानानं सांगणाऱ्यांपैकी कितीजण आज संध्याकाळी सह्याद्री लावतात? स्मरणरंजनावर धोरण उभं राहत नाही.

पण पैशाचा मुद्दा उलटा वाचायला हवा. हे अडीच हजार कोटी ज्यांच्या खिशातून गेले, त्यांना हिशेब विचारायला जागा नाही, हीच तर माझी तक्रार आहे. संस्था निरुपयोगी असेल तर ते ठरवण्याची प्रक्रियासुद्धा लोकांपुढे व्हायला हवी. शिवाय ‘पाहतं कोण’ हा प्रश्न विचारणारा सहसा स्वतःच्या दिवाणखान्यात बसून विचारतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानं रायगडचा किनारा झोडपला, तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तिथे इंटरनेटवरच्या शेकडो पर्यायांपैकी एकही चालू नव्हता. अशा वेळी माहिती पोहोचवण्याचं साधन म्हणजे सेलवर चालणारा रेडिओ. आणखी एक गोष्ट, जी या वादात हमखास विसरली जाते: आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं. माणदेशात म्हसवडला बायकांनी चालवलेलं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. पाणी, शेती, आरोग्य या सगळ्यावर ते बोलू शकतं, पण आपल्या तालुक्यातल्या राजकारणाची बातमी स्वतः करून देऊ शकत नाही. या बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. म्हणजे रेडिओवरच्या बातम्यांत आकाशवाणीची मक्तेदारी कायद्यानं राखलेली आहे. ज्याला स्पर्धक नाही त्याच्याबाबत ‘नको असेल तर दुसरं ऐका’ हे उत्तर चालेल कसं?

खरा अवघड आक्षेप दुसराच आहे आणि तो मला रात्री अस्वस्थ करतो. तक्रारीचं दार उघडलं की आधी कोण आत शिरतं? ज्याच्या भावना दुखावल्या आहेत तो. महाराष्ट्रात हे वेगळं सांगायला नको. नाटकं बंद पाडली गेली, पुस्तकं मागे घ्यायला लावली गेली, ग्रंथसंग्रह असलेल्या संस्थेची नासधूस झाली. प्रत्येक वेळी ‘आम्ही नागरिक, आमचा निषेध’ हेच शब्द होते. संघटित, आवाजी आणि रिकामटेकडा गट परिषदेला तक्रारींनी गाडून टाकेल, आणि आधीच घाबरलेला निर्माता आणखी बोटचेपा होईल, ही भीती काल्पनिक नाही. नागरिकांचं दडपण आणि झुंडीचं दडपण बाहेरून सारखंच दिसतं.

यावर माझं उत्तर असं की परिषद नसताना झुंड थांबलेली नाही. ती फक्त मंत्रालयात किंवा केंद्राच्या फाटकाशी जाते. फरक पडतो तो मागणीच्या स्वरूपानं. ‘हा कार्यक्रम बंद करा’ आणि ‘हा निर्णय का घेतलात ते लिहून द्या’ या दोन मागण्या एका जातीच्या नाहीत. पंधराव्या कलमातल्या परिषदेला कार्यक्रम बंद करण्याचा अधिकारच नाही, ती फक्त सल्ला देऊ शकते, कारण मागू शकते आणि आपलं मत ऐकवू शकते. झुंडीला कारणात रस नसतो, म्हणून कारण मागणारी संस्था तिच्या फारशी कामाची नसते. आणि संख्येचा दबाव ओळखणं अशक्य नाही, हे आपल्याच देशात दिसलंय. २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं इंटरनेटसेवांबाबत सल्लामसलतीचा कागद काढला, तेव्हा दहा लाखांवर ई-मेल गेले. पुढे फेसबुकनं आपल्या ‘फ्री बेसिक्स’ या, मोजकीच संकेतस्थळं फुकट देणाऱ्या योजनेच्या बाजूनं वापरकर्त्यांकडून ठोक मेल पाठवून घेतले, तेव्हा ट्रायनं त्यांना सुनावलं की तुम्ही गंभीर सल्लामसलतीचा जनमतचाचणीचा तमाशा करताय. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये अशा भेदभावी दरांना मनाई करणारा नियम आला, तो डोकी मोजून ठरला नाही. लोकांचे अभिप्राय आणि कंपन्यांचे प्रतिवाद दोन्ही सगळ्यांना वाचता येतील असे मांडले गेले होते. नेट तटस्थतेच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना समान वागणुकीच्या, बाजूचेही बरेचसे मेल साच्यातून काढलेले होते, हेही खरं. तरी दार उघडं होतं आणि आत काय चाललंय ते दिसत होतं.

अमेरिकेतलं मिसिसिपीचं उदाहरण तर शाळेत शिकवावं असं आहे. जॅक्सन शहरातली डब्ल्यूएलबीटी ही दूरचित्रवाणी वाहिनी काळ्या नागरिकांच्या चळवळीच्या बातम्या दाबायची, आणि तिच्या प्रेक्षकांत काळे चाळीस टक्क्यांच्या वर होते. १९६४ मध्ये एका चर्चचे पदाधिकारी एव्हरेट पार्कर यांच्या पुढाकारानं स्थानिक स्वयंसेवकांनी तिचे कार्यक्रम टिपून काढले आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. नियामक आयोगानं सांगितलं, तुम्हाला हरकत घेण्याचा अधिकारच नाही. तो फक्त आर्थिक नुकसान होणाऱ्याला किंवा ज्याच्या प्रक्षेपणात अडथळा येतो त्याला. १९६६ मध्ये संघराज्य अपील न्यायालयानं हे खोडून काढलं: ज्यांच्यासाठी प्रसारण चालतं त्या श्रोत्यांनाच उभं राहू देणार नसाल तर जनहिताची बाजू मांडणार कोण? पुढे त्या मालकांचा परवाना गेला. त्या स्वयंसेवकांनी कुठला कार्यक्रम बंद करायला सांगितला नव्हता. जे दाखवायला हवं ते दाखवलं जात नाही, हा त्यांच्या हरकतीचा गाभा होता. झुंड आणि नागरिक यांतला भेद ओळखायला ही कसोटी मला पुरेशी वाटते.

खासगी वाहिन्यांच्या नियमनाचा वादही याच खोडापाशी अडलाय. सरकार म्हणतं आम्ही नियम करू. मालक म्हणतात आम्ही स्वतःच स्वतःला शिस्त लावू. आणि आपण प्रेक्षक या दोघांपैकी एकाची बाजू घेऊन भांडतो. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या माध्यमखटल्यावर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये कडक शब्दांत निकाल दिला. त्यातून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या पीठानं विचारलं की वाहिन्यांच्या स्वनियमनातला एक लाखाचा दंड कुणाला लागतो तरी का? बरोबर प्रश्न. पण दुसरी बाजू काय आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं प्रसारणसेवा नियमन विधेयकाचा मसुदा काढला. त्यातली सगळ्यात वरची सल्लागार परिषद सरकारनंच नेमायची होती. पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सुधारित मसुदा निवडक मंडळींना, प्रत्येक प्रतीवर वेगळी खूण उमटवून, वाचायला दिल्याच्या बातम्या आल्या. त्यात यूट्यूबवर बातम्या-विश्लेषण करणारे एकेकटे लोकही नियमांच्या जाळ्यात येत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आरडाओरड झाल्यावर नवा मसुदा काढू म्हणून सरकार मागे सरलं. कोट्यवधी लोक काय पाहतील याचा कायदा, आणि त्याची प्रत कुणाच्या हातून फुटली हे कळावं म्हणून खुणा! प्रेक्षकाला या व्यवहारात मोजलं जातं ते फक्त टीआरपीच्या यंत्रात, आणि ती यंत्रंही २०२० मध्ये घोटाळ्याचा आरोप झाला तेव्हा देशभरात सुमारे चव्वेचाळीस हजार घरांत होती.

सरकार की मालक, या दोनच पर्यायांची सक्ती आपल्यावर कुणी केली? सर्वोच्च न्यायालयानं तर केलेली नाही. फेब्रुवारी १९९५ च्या क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या पीठानं प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. सरकारी मक्तेदारी नाकारताना ती खासगी हातांत मोकाट सोडायलाही नकार दिला, आणि समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असलेलं स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण नेमायला सांगितलं. त्या निकालाचा पहिला भाग वाहिनीमालकांनी उचलला, दुसरा कुणीच नाही.

परिषद आली म्हणून सगळं सुधारेल असा माझा दावा नाही. सदस्य राष्ट्रपतींमार्फत, म्हणजे व्यवहारात सरकारच्या सल्ल्यानं नेमले जाणार. ‘नामवंत’ या शब्दात कुणाकुणाला कोंबता येतं ते आपण विद्यापीठांत आणि अकादम्यांत पाहिलंय. त्यासाठी नावं निवडण्याची पद्धत उघड हवी, तक्रारी आणि उत्तरं मराठीसह सगळ्या भाषांत संकेतस्थळावर हवीत, आणि कायद्यात ज्या प्रादेशिक परिषदांची सोय आहे त्यांतली एक महाराष्ट्रात हवी. पण हे सगळं मागायला आधी परिषद कागदावरून उठली पाहिजे, आणि तिच्यासाठी नवं विधेयक लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, फक्त अधिसूचना लागते. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात. पुण्याचा वृत्त विभाग वाचवायला ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांच्यापैकी एकानं येत्या अधिवेशनात दोन ओळींचा लेखी प्रश्न टाकावा: प्रसार भारती कायद्याच्या कलम १४ खालची अधिसूचना कोणत्या तारखेला निघणार, आणि १९९७ पासून ती न निघण्याची कारणं कोणत्या फाइलवर कुणी नोंदवली आहेत?